वेशीबाहेरचा आवाज

घुमीला घुमी हे नाव तिच्या मावशीने ठेवलं. पोर तेव्हा तीन वर्षांची होती. मावशीने हातातला खाऊ पुढे धरून विचारलं, "हा कुणाला देऊ गं?" आणि पोरगी इतका वेळ विचार करत राहिली की शेवटी मावशीने तो स्वतःच खाऊन टाकला. "घुमी आहे नुसती!" बोटं चाटत ती म्हणाली. आईला तेव्हा राग आला होता. पण काही नावं अशी चिकटतात की घासून निघत नाहीत. आता घुमीने तिशी ओलांडली, तरी घरात, शेजारात, कामावरही ती घुमीच.

घुमी दात बनवते. खोटे दात. डॉक्टरकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात, त्यावरून ती प्लास्टरचे साचे काढते, मेणात एकेक दात बसवते, बर्नरच्या बारीक ज्योतीवर हत्यार तापवून हिरडीची कड गुळगुळीत करते. समोर दातांच्या रंगांची पट्टी टांगलेली असते. पांढऱ्या रंगाच्या एवढ्या तऱ्हा असतात हे आईला लेकीमुळेच कळलं. बाकी लेकीकडून फारसं काही कळत नसे. "कसा गेला दिवस?" "गेला." "काय केलंस?" "दाढा."

आईचं उलट. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ आहे, गढूळ नाही तर रात्री तीनला येतं. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि मग ते दमेपर्यंत त्यांच्याशी बोलायचं, हे तिचं काम. दोघींच्या वाट्याचं बोलणं देवाने एकीलाच देऊन टाकलं, असं शेजारीण म्हणायची. आणि ते खरंच होतं, कारण घुमीच्या वाट्याचंही आईच बोलायची. दुकानात, "तिला निळा दाखवा." दवाखान्यात, "तिचं पोट कालपासून दुखतंय." नातेवाइकांत, "ती बरी आहे, काम भरपूर असतं हो." घुमी शेजारी उभी असायची, बघत.

घुमीचे वडील गेले तेव्हापासून आईच्या मनात एकच विचार घर करून होता. माझ्यामागे हिच्याशी कोण बोलेल? आणि हिच्या वतीने कोण बोलेल?

एवढ्यात एक नवलच घडलं. लॅबमध्ये दातांना पॉलिश करणारी एक मुलगी होती. जेवणाच्या सुट्टीत ती आणि घुमी एक खेळ खेळायला लागल्या. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीने सांगायचं, "तू जंगलात आहेस, समोर नदी आहे, पूल तुटलाय. काय करतेस?" दुसरीने एक सोंग घेतलेलं असायचं, शिकारी म्हणा, वैद्य म्हणा, चोर म्हणा. त्या सोंगाने काय केलं ते तिने सांगायचं, आणि ते साधलं की फसलं ते फासा टाकून ठरवायचं. फासाही कसला, वीस बाजूंचा, बोरासारखा गरगरीत. घुमीने एकदा तो घरी दाखवायला आणला, तेव्हा आई तो हातात घेऊन हसत म्हणाली, "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही." घुमी हसली होती. नुसती ओठांनी नाही, दात दिसतील अशी. आईने ती गोष्ट आठवडाभर पुरवून पुरवून आठवली.

मग पॉलिशवालीचं लग्न झालं आणि ती दुसऱ्या शहरात गेली. जाताना फाशांची पिशवी घुमीच्या हातात ठेवून गेली.

घुमी तेवढ्यावर गप्प बसेल असं आईला वाटलं. पण लेकीने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. ती अनोळखी माणसांत खेळणारी मंडळी शोधायला निघाली.

पहिली मंडळी कॉलेजातल्या पोरांची. एका कॅफेत बसायची, सगळे एकदमच बोलायचे. घुमीची पाळी आली की त्यातला एक टेबलावर टिचक्या वाजवायचा. "ताई, लवकर. राक्षस काही तुमच्यासाठी थांबायचा नाही." दुसरी मंडळी बायकांची. प्रेमळ होत्या बिचाऱ्या, पण राजवाड्यात शिरल्या की राणीवरून सासूचा विषय निघायचा आणि मग राजवाडा राहायचा बाजूला. तिसरीकडे एक गृहस्थ होते, नियमांचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले. घुमीने तोंड उघडलं की ते पान उलटायचे. "हे बसत नाही." दरवेळी घुमी घरी यायची, चपला काढायची, फासे खणात ठेवायची.

"कसं झालं गं?"

"झालं."

आईचा जीव तुटायचा. "बोलावं लागतं बाळा. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात."

घुमीने खण लोटून बंद केला. पण चौथ्या मंडळीचा फोन येऊन गेला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "हा शेवटचा," ती म्हणाली. "नाही जमलं तर पुन्हा शोधणार नाही."

आईच्या हातातला कप तसाच राहिला. घुमी असली वाक्यं विचार करून बोलते आणि मग ती मोडत नाही, हे तिला माहीत होतं.

"आणि तू चल."

"मी?"

"त्यांच्यात तशी रीत आहे. पहिल्या दिवशी नव्या माणसाने सोबतीला कुणीतरी आणायचं. अनोळखी लोकांत एकट्याने येऊ नये म्हणून."

रविवारी दुपारी दोघी निघाल्या. तसबिरींना चौकटी करून देणाऱ्या एका बाईंचं दुकान होतं. दुकानाला सुट्टी, पण बाजूचा जिना उघडा. वर कारखान्याची खोली. भिंतीवर चौकटींचे नमुने, नुसते काटकोन, सोनेरी, काळे, कोरीव, ओळीने टांगलेले. सरस आणि लाकडाच्या भुशाचा वास. मधोमध काच कापायचं मोठं टेबल, त्यावर हिरवं जाड कापड. आईने सवयीप्रमाणे आधी खिडक्या बघितल्या, दाराची कडी बघितली, मग माणसं बघितली.

माणसं तीन. दुकानाच्या मालकीणबाई, फ्रेमवाली, पन्नाशीच्या, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला. त्या सूत्रधार. म्हणजे गोष्ट त्यांनी उभी करायची, बाकीच्यांनी तीत शिरायचं. दुसरा लिफ्ट दुरुस्त करणारा, किडकिडीत आणि वात्रट. तिसरे निवृत्त मास्तर, चित्रकला शिकवायचे. त्यांचा आवाज असा खर्जातला की टेबलावरची पेन्सिल थरथरावी.

"या, या. सोबतीची खुर्ची ती तिथे," फ्रेमवाली आईला म्हणाली. "हवाही चांगली येते. आणि कंटाळा आला तर बिनधास्त डुलकी काढा."

"मागच्या वेळी माझा मेव्हणा आला होता सोबतीला," लिफ्टवाला म्हणाला. "असा घोरला की आम्हाला गुहेत अस्वल घालावं लागलं."

आई हसली. पण पदराआड मुठी घट्टच होत्या.

खेळाआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आज गोष्टीत काय नको, ते प्रत्येकाने सांगायचं. का नको, ते कुणी विचारायचं नाही.

"साप नको," लिफ्टवाला म्हणाला. "हसू नका. खरंच नको."

मास्तर म्हणाले, "कुणाच्या मुलाला काही होऊ देऊ नका." फ्रेमवालीने मान डोलावली आणि लिहून घेतलं. बस्स. आईच्या ओठांवर प्रश्न येऊन उभा होता, पण त्या टेबलाभोवती कुणालाच तो पडलेला दिसला नाही. सख्ख्या नात्यात असं सोडून देता येत नाही माणसाला, तिला वाटलं. ही तर एकमेकांची कुणीच नव्हती.

मग सगळे घुमीकडे वळले. घुमीने टेबलाच्या कापडावरची एक सुरकुती बोटाने सपाट केली. पुन्हा केली.

"घाई नको," ती म्हणाली.

टेबलावर पाळीची वेळ मोजायला वाळूचं छोटं घड्याळ होतं. फ्रेमवालीने ते उचललं आणि आडवं निजवलं. "नको तर नको."

"आणि सोंग कुठलं घेणार?" मास्तरांनी विचारलं. "मी वैदू आहे. हा आमचा चोर."

"दूत," घुमी म्हणाली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई पुढे सरकली. दूत! म्हणजे सगळं बोलायचंच काम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसरं काही घ्यायचं होतं, तिरंदाज घ्यायचा होता, बाण सोडला की काम झालं!

गोष्ट सुरू झाली. फ्रेमवालीने चष्मा लावला, आणि तिचा आवाज बदलला. नाटकी नव्हे, नुसता हळू झाला. ओसाड माळ. दिवसचे दिवस चाललेले तीन प्रवासी. पाण्याच्या पिशव्या रिकाम्या. समोर एका शहराची वेस, दगडी, आभाळाला टेकलेली. वेशीत एक भलामोठा दरवाजा आणि त्यात, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, एवढीशी खिडकी. खिडकीत शिपाई.

"खिडकी बंद आहे," शिपाई झालेली फ्रेमवाली म्हणाली. "उद्या या."

आईला आपसूक हसू आलं. हे वाक्य तिच्या कचेरीतलं होतं.

चोराने शिपायाची खुशामत केली. फासा पडला, फसली. वैदूने औषध देऊ केलं. शिपायाला काही होत नव्हतं. हळूहळू आईच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. टेबलावर काहीही नव्हतं. हिरवं कापड, पेन्सिलीच्या चार रेघा, दोनतीन फासे. पण तिघंही मोठी माणसं, आणि चौथी तिची लेक, त्या रिकाम्या कापडावर एकाच जागी बघत होती. मास्तर तर मान वर करून बघत होते, दगड किती उंच गेलेत ते. आणि चौघांना दिसणारी वेस एकच होती.

"दूत," फ्रेमवाली म्हणाली. "आता शिपाई तुझ्याकडे बघतोय. तू काय करतेस?"

घुमी गप्प.

कुणी खाकरलं नाही. लिफ्टवाल्याने हनुवटी तळहातावर टेकवली. मास्तरांनी डोळे मिटले. पंखा फिरत होता. आईच्या मांड्यांना खुर्चीची कड रुतत होती. बोल गं. दोन शब्द बोल. एक बोल. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली, दुसरी गेली. आता ही माणसं टिचक्या वाजवतील. आता कुणीतरी पान उलटेल. हा शेवटचा आहे, हा शेवटचा...

"अहो, तिला पाणी हवंय!" आई ओरडली. "आम्ही केव्हाचे उभे आहोत इथे!"

चारी माना वळल्या.

आईने तोंडावर हात ठेवला. घुमीचे कान लाल झाले होते. टेबलाभोवतीच्या तिघांनी जी वाट इतक्या सुखाने बघितली, ती आईनेच मोडली होती. घुमीचा हात फाशांच्या पिशवीकडे गेला. ती हालचाल आईच्या ओळखीची होती. आता पिशवीची नाडी ओढली जाईल, मग चपला, मग जिना, मग घरातला खण, आणि मग जन्मभर काही नाही.

फ्रेमवालीने आईकडे रागाने बघितलं नाही. गोड हसून समजही दिली नाही. तिने गोष्टीतच राहून, त्याच हळू आवाजात सांगितलं, "दूताच्या पाठीमागून एका बाईचा आवाज आला. खणखणीत. शिपाई दचकला. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. 'ही कोण?' तो दूताला विचारतोय."

आणि ती थांबली. बाकीचेही थांबले. जणू आताच काही बिघडलंच नव्हतं, आताच कुठे काहीतरी सुरू झालं होतं.

घुमीचा हात पिशवीवरच होता. तिने तो उचलून कापडावर ठेवला.

"माझी आई आहे," ती म्हणाली.

"दूत आईला घेऊन आलाय?" शिपायाने विचारलं.

"हो. मुद्दाम आणलीय." मग ती फ्रेमवालीकडे वळली. "पुढचं शिपायाला नाही, तुम्हाला सांगते. आई बोलत असली की माझ्याकडे कुणी बघत नाही. लहानपणापासून. मग मला सगळं बघता येतं."

आई ऐकत होती. इतकी वर्षं ती या मुलीच्या पुढे उभी राहून बोलली, आणि पाठीमागे काय चाललंय असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. पाठीमागे काही नाही, नुसतं गप्प राहणं आहे, असं ती धरून चालली होती.

"आई," घुमी म्हणाली, "तू बोल. त्याला गुंतवून ठेव."

"मी? अगं मला कुठे येतं हे? काय बोलू?"

"तुझ्या खिडकीवर लोक येऊन बोलतात ते."

लिफ्टवाल्याने खुर्ची सरकवली आणि आईला जागा करून दिली. आई पुढे झाली. पहिलं वाक्य अडखळलं. "अहो... ऐकता का..."

"अर्ज केलाय का?" शिपायाने विचारलं.

"अर्ज?" आईचा आवाज एकदम मोकळा झाला. "अर्ज कशावर करू, घामाने? घशाला कोरड पडलीय माझ्या! आणि खिडकी बंद म्हणता, मग मान बाहेर कुणाची आलीय? नाव सांगा तुमचं. तुमच्या वरचा कोण आहे? हं, आता का मिशीला हात लावता?"

मिशी कुणीच सांगितली नव्हती. पण आईला ती दिसली, वाकडी कातरलेली, एका बाजूला जास्त. फ्रेमवालीने ताबडतोब तिच्या नसलेल्या मिशीवरचा हात खाली घेतला. मास्तरांचं हसू खर्जात घुमलं.

आणि मग घुमी बोलू लागली.

"तो पाय बदलतोय. दाराखालच्या फटीतून मला त्याच्या चपला दिसतायत. ओल्या आहेत."

फ्रेमवाली लिहिता लिहिता थांबली. हे तिने ठरवलेलं नव्हतं, हे आईलाही कळलं. "आहेत," ती म्हणाली. "ओल्याच आहेत."

"म्हणजे आत, वेशीला लागूनच पाणी सांडतंय. मी भिंतीच्या कडेने चालते. हळूहळू. तळाशी दगडाचा रंग बदललाय. वर राखाडी आहे, खाली हिरवट, हिरडीपाशी दात होतो तसा. मी वाकून हात लावते. गार आहे. इथला दगड हलतोय."

"फासा टाक," फ्रेमवाली कुजबुजली.

फासा गडगडत गेला, टेबलावरून खाली पडला. लिफ्टवाला रांगत टेबलाखाली घुसला आणि तिथूनच ओरडला, "एकोणीस! अगं, दगड निघाला! चला आत! चोरवाट म्हणजे माझंच खातं!"

"नाही," घुमी म्हणाली.

"नाही काय? समोर वाट आहे!"

"मी दूत आहे. मी परत खिडकीपाशी जाते."

ती खुर्चीतून उठली. तिला उठायची गरज नव्हती, कुणीच उठत नव्हतं. ती उठून टेबलाच्या टोकाला, फ्रेमवालीच्या समोर उभी राहिली. आणि त्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली. असा आवाज आईने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. पण त्यात कुठेही कड राहिलेली नव्हती, मेणावर तापलेलं हत्यार फिरवल्यासारखा सलग होता.

"आम्ही पाणी मागायला आलो होतो. आता मागत नाही. आता सांगायला उभी आहे. तुमचं पाणी तुमच्या वेशीखाली मुरतंय. डाव्या बाजूचा तळ पोकळ झालाय, मी हात घालून बघितला. आम्हाला तिथून आत येता आलं असतं. आम्ही आलो नाही. पण उद्या येणारे येतील, आणि ते पाणी मागणारे नसतील. तुमच्या राजाला सांगा, दूत उभी आहे. दार उघडायचं की भिंत पडायची वाट बघायची, ते त्याने ठरवावं. मला घाई नाही."



फ्रेमवालीने चष्मा काढला. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. "कडी निघाल्याचा आवाज येतो," ती म्हणाली. "वेस उघडते."

लिफ्टवाला अजून जमिनीवरच बसलेला होता. "आई गं," तो म्हणाला, नुसतं.

आईला तर ती वेस दिसली. देवाशपथ दिसली. दगडांमधून उजेडाची एक उभी चीर पडली आणि ती रुंदावत गेली, आणि त्या उजेडात पाठमोरी उभी असलेली बाई तिच्या पोटची होती. एवढं सगळं हिच्या आत होतं. शहरं होती, भिंती होत्या, न्याय-अन्याय होता, राजाला सुनावायची भाषा होती. आणि आपण तिच्यासाठी दुकानात निळा रंग मागत होतो. मंदिराच्या दारात वर्षानुवर्षं चपला सांभाळत बसावं आणि एक दिवस कुणीतरी आत नेऊन मूर्ती दाखवावी, तसं तिला झालं. तिचे हात आपोआप जोडले गेले. मग तिला लाज वाटली आणि तिने ते मांडीखाली सारले.

चहा झाला. चहावर लिफ्टवाल्याने चोराची अब्रू कशी गेली याचं गाऱ्हाणं मांडलं. "एवढी चोरवाट सापडली आणि बाईसाहेब निघाल्या पुढच्या दाराने. माझ्या पोटावर पाय आहे हा." मास्तरांनी घुमीला विचारलं, हिरवट म्हणजे नेमका कसा हिरवट, आणि दोघं बराच वेळ त्या रंगाबद्दलच बोलत बसले.

निघायची वेळ झाली तसं फ्रेमवालीने विचारलं, "मग, पुढच्या रविवारी येशील?"

येईल ना, का नाही येणार, अहो तिला इतकं आवडलं, असं सगळं आईच्या जिभेच्या टोकाशी आलं. तिने ओठ मिटले. दातांवर दात ठेवले. घुमी विचार करत होती. कापडावरची सुरकुती सपाट करत होती. लिफ्टवाला कप विसळत होता, मास्तर पेन्सिलीला टोक करत होते. इतका वेळ आई आयुष्यात कधी गप्प राहिली नव्हती. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता, पण त्या गप्प बसण्याच्या आत डोकावल्यावर तिला दिसलं, ते रिकामं नव्हतं. घुमी तिथे चालत होती. कडेकडेने, हात लावत, एकेक दगड बघत.

"येईन," घुमी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आईला नको."

"बरं झालं," लिफ्टवाला म्हणाला. "काकूंनी त्या शिपायाला नोकरी सोडायला लावली असती."

सगळे हसले, आईसुद्धा. घुमी म्हणाली, "तू हो पुढे. मी आवरून येते यांच्याबरोबर."

आई जिना उतरू लागली. अर्ध्यावर तिला वरून घुमीचा आवाज ऐकू आला. काहीतरी सांगत होती, सलग, लांबलचक. मध्येच मास्तरांचा खर्ज, मग पुन्हा ती. शब्द कळत नव्हते. आई कठड्याला हात लावून तिथेच पायरीवर बसली.